ऐंशी तासांची थाप

सर्जरी शिकायची तर झोप सोडावीच लागते, हे मला गेल्या दहा महिन्यांत अनेकांनी ऐकवलंय. साताऱ्याच्या मामांनी, इथल्या मराठी मंडळातल्या एका निवृत्त भूलतज्ज्ञांनी, आणि ज्यांची झोप खरोखर सुटली आहे त्या रेसिडेंट मुलामुलींनीही. माझं म्हणणं असं, की ही झोप शिक्षणासाठी जात नाही, ती हॉस्पिटलची माणसं भरून काढण्यासाठी जाते. आणि ते कुणाला दिसू नये अशी सोय नियमातच करून ठेवलेली आहे.

मी सॉफ्टवेअरवाला. माझा संबंध एवढाच, की माझी बायको अमेरिकेतल्या एका कम्युनिटी हॉस्पिटलमध्ये जनरल सर्जरीची रेसिडेंट आहे. कम्युनिटी हॉस्पिटल म्हणजे विद्यापीठाचं नव्हे, गावाचं. अपेंडिक्स, पित्ताशय, हर्निया, रस्त्यावरचे अपघात, मधुमेहाने सडलेले पाय. अशा ठिकाणी सुपरस्पेशालिटी शिकणारे फेलो नसतात, त्यामुळे ज्युनियरच्या हातात सुरी लवकर येते. हे खरं आहे आणि चांगलंही आहे. पण बायकोची जागा ‘प्रिलिमिनरी’ आहे. पाच वर्षांची हमी असलेले ते ‘कॅटेगॉरिकल’, आणि ही फक्त जूनअखेरपर्यंत. ड्यूटी सारखीच. फरक इतकाच, की ऑपरेशनला बहुतेकदा कॅटेगॉरिकल जातो आणि वॉर्ड हिच्या गळ्यात पडतो. भारतातून एमबीबीएस करून येणाऱ्या कितीतरी जणांचा सर्जरीतला प्रवेश याच दाराने होतो.

आता नियम. १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलमध्ये लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी वारली. तिच्यावर उपचार करणारे रेसिडेंट तासन्‌तास ड्यूटीवर होते. वडील पत्रकार आणि वकील, त्यांनी प्रकरण लावून धरलं. १९८९मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली आणि २००३मध्ये ती देशभर लागू झाली. म्हणजे चार आठवड्यांच्या सरासरीने ८० तास, सलग २४ तास, वर रुग्ण पुढच्याकडे सोपवायला ४ तास. युरोपात हीच मर्यादा ४८ तासांची आहे. भारतातही केंद्र सरकारचं १९९२चं पत्रक दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासच म्हणतं, हे मामांना सांगितलं तर ते हसले. त्यांच्या मुलाने सरकारी कॉलेजात एमएस केलंय.

तर हे ८० तास मोजतं कोण? रेसिडेंट स्वतः. आठवड्याच्या शेवटी एका वेबसाइटवर जाऊन, आठवून आठवून. जास्त भरले तर नोंद लाल होते आणि खुलासा मागणारी ईमेल येते. खुलासा कुणी द्यायचा? तिनेच. ‘वेळेचं नियोजन कुठे चुकलं’ असा त्यात एक रकानाच आहे. लाल नोंदी साचल्या तर कार्यक्रमाची मान्यता धोक्यात येते. मान्यता गेली तर मोठ्या विद्यापीठाचं फारसं बिघडत नाही, पण पंधरावीस रेसिडेंटच्या छोट्या हॉस्पिटलातली मुलं रस्त्यावर येतात, आणि व्हिसावरची मुलं थेट विमानात बसतात. शिवाय पुढच्या वर्षी जागा मिळवायला शिफारसपत्र लागतं. ते देणार कार्यक्रमाचे संचालक, ज्यांच्याकडे ही लाल यादी जाते.

अशा व्यवस्थेत ती ७८ लिहिते. सगळेच ७६ ते ७९ लिहितात. रात्री जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती रुग्णांच्या नोंदी पुऱ्या करते. २०१७पासून घरी केलेलं हे कामही धरायचं, असा नियम आहे. तो तास मी कधी धरलेला पाहिला नाही. आमच्या धंद्यात एखाद्या यंत्राचं तापमान वर्षभर ७९च्या वर गेलं नाही तर आम्ही यंत्राचं कौतुक करत नाही, सेन्सर बदलतो.

यावर सर्जन मंडळींचं उत्तर तयार असतं: ‘फर्स्ट ट्रायल’. ११७ कार्यक्रमांत झालेला, २०१६मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मी वाचलाय. सलग ड्यूटीची मर्यादा सैल केली तरी रुग्णांचे मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत वाढली नाही, असा निष्कर्ष आहे, आणि तो मला मान्य आहे. पण त्यात ८० तासांची मर्यादा दोन्ही गटांना होती. त्यावरून शंभर तास चालतात हे कसं सिद्ध होतं? लांब ड्यूटीने रुग्ण जास्त बरे झाले, असंही त्यात निघालेलं नाही.

दुसरं उत्तर हँडओव्हरचं. माणूस बदलला की माहिती गळते, म्हणून तोच माणूस जागा ठेवा. हे ऐकून माझ्यातला इंजिनियर खरंच चिडतो. गळती आहे तर नळ दुरुस्त करा ना! मुलांच्या वॉर्डांत हँडओव्हरची ठरीव पद्धत आणल्यावर टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी घटले, हे २०१४मध्येच छापून आलंय. बायकोच्या विभागात हँडओव्हर अजून घडी घातलेल्या कागदावर होतो.

तिसरं उत्तर जास्त प्रामाणिक आहे: पाच वर्षांत किमान ८५० मोठी ऑपरेशनं पुरी करायची, तर वेळ लागणारच. लागू दे. पण वेळ ऑपरेशनं खात नाहीत. डिस्चार्जची कागदपत्रं खातात, विमा कंपनीचे फोन खातात, रिकाम्या खाटेचा शोध खातो. हे काम नर्स प्रॅक्टिशनर करू शकते, पण तिचा पगार रेसिडेंटच्या दुपटीच्या आसपास असतो, आणि ती ऐंशी तास राबत नाही. उलट रेसिडेंट ठेवल्याबद्दल हॉस्पिटललाच मेडिकेअरकडून सरकारी पैसा मिळतो. एवढा हिशेब कुठल्याही किराणा दुकानदाराला जमतो.

माझे ऑफिसातले मित्र म्हणतात, मग नोकरी बदला. त्यांना वाटतं सगळीकडे आमच्यासारखंच असतं. इथे जागा ‘मॅच’मधून ठरते. संगणक एक हॉस्पिटल देतो आणि तुम्ही बांधले जाता. पगारावर घासाघीस नाही. २००२मध्ये काही डॉक्टरांनी याविरुद्ध मक्तेदारीचा खटला भरला, तर २००४मध्ये अमेरिकन काँग्रेसने पेन्शनच्या एका कायद्यात कलम घुसवून मॅचला त्यातून मोकळं केलं. पेन्शनच्या कायद्यात!

सर्जनांचं एक मात्र मी मनापासून मानतो. दर आठवड्याला त्यांची ‘एम अँड एम’ सभा भरते. कोण दगावलं, कुठे चुकलं, सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. आम्ही ज्याला पोस्टमॉर्टेम म्हणून मिरवतो त्याहून ही परंपरा कितीतरी जुनी आणि धीट आहे. मात्र ऑपरेशनच्या आदल्या रात्री किती झोपलात, हा प्रश्न तिथे दहा महिन्यांत एकदाही निघाला नाही, असं बायको सांगते.

माझी मागणी खर्चिक नाही. या हॉस्पिटलात पॅरासिटामोलची गोळी बारकोड दाखवल्याशिवाय रुग्णाला मिळत नाही. टाक्यांच्या धाग्याचं पाकीट कुठल्या मिनिटाला फोडलं ते बिलात उमटतं. रेसिडेंट पार्किंगचं फाटक बॅजने उघडते, ऑपरेशन थिएटरचं दार बॅजने उघडते, आणि संगणकावर पहिली नोंद पहाटे पावणेपाचला करते, तीही सेकंदासकट साठते. तास तिथून काढा. रेसिडेंटला विचारू नका, तिच्याकडून खुलासा मागू नका. आकडा थेट मान्यता देणाऱ्या संस्थेकडे जाऊ द्या, आणि मर्यादा ओलांडली तर दंड हॉस्पिटलच्या मेडिकेअरच्या रकमेतून कापा, मान्यता काढून मुलांना रस्त्यावर आणू नका. उद्या यातून पाळत सुरू होईल, अशी भीती बायकोलाच वाटते. पाळत आजही आहे, फक्त तिचा उपयोग बिलापुरता होतो.

हे सगळं इंग्रजीत लिही, इथल्या लोकांनी वाचायला हवं, असं एक मित्र म्हणाला. शिफारसपत्र अजून आलेलं नाही, म्हणून मराठीत लिहितोय.