आधी लांब वायर घ्या

नाताळच्या सुट्टीत आम्ही कॅराव्हॅन घेऊन आंबोलीला गेलो. वायर आखूड पडली म्हणून चुलतभावाने जनरेटर थेट दाराशी आणला. मी भांडले, तर म्हणाला, "खिडक्या बंद आहेत ना, आवाज नाही येणार!" अरे, प्रश्न आवाजाचा नाहीच. पेट्रोलच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही.

म्हणून माझं मत पक्कं आहे: जनरेटर किमान 20 फूट लांब, धुराचं तोंड गाडीच्या उलट दिशेला, पेट्रोल इंजिन थंड झाल्यावरच, आणि झोपण्याआधी मशीन बंद. रात्री बॅटरीचा दिवा पुरतो. मोबाइल सकाळी चार्ज होईल; त्यासाठी सकाळी उठायला तर हवं!