दोन दिवसांत नाटक बसवू द्या

स्नेहसंमेलन जवळ आले की शाळाशाळांतून नाटुकल्याची शोधाशोध सुरू होते. कुणी तयार संहिता आणतो, कुणी यूट्यूबवरची एकांकिका उतरवून घेतो, आणि मग पंधरा-वीस दिवस मुले दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडचे संवाद घोकत बसतात. महाविद्यालयात गेले की याचाच पसारा वाढतो. दिग्दर्शक बाहेरचा, प्रकाशयोजना बाहेरची, नेपथ्य भाड्याचे. ज्या कॉलेजकडे पैसा आणि ओळखी आहेत, त्याचे नाटक उभे राहते. दुधनीसारख्या कर्नाटक सीमेवरच्या गावातली मुले या शर्यतीत मुळातच मागे राहतात. त्यांच्यासाठी मला उलटा रस्ता योग्य वाटतो. मुलांना सकाळी विषय द्यावा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दहा मिनिटांचे नाटक करायला सांगावे. लिहायचे त्यांनीच आणि बसवायचेही त्यांनीच.

वेळ कमी असण्यातच या कल्पनेचे बळ आहे. दोन दिवसांत नेपथ्य होत नाही, त्यामुळे शाळेचा बाक रेल्वेचा डबा होतो आणि ओढणी नदी होते. दोन दिवसांत बाहेरून दिग्दर्शक येत नाही, त्यामुळे वर्गातल्याच एखाद्या मुलीला ‘तू इकडून ये, तू पाठ फिरवू नकोस’ असे सांगावे लागते. आणि दिलेल्या विषयावर आयती संहिता मिळत नाही, म्हणून मुले हाताशी असेल ते उचलतात. दुधनीत हाताशी काय आहे, ते पाहा. सोलापूर-वाडी लोहमार्गावरचे स्टेशन आहे, कर्नाटकाची हद्द आहे, तुरीचा बाजार आहे. समजा, विषय दिला ‘हिशेब’. सौदा झाला आहे, तोलाई झाली आहे आणि म्हाताऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडली आहे. पट्टी मराठीत आहे आणि म्हाताऱ्याला येते फक्त कन्नड. तो शाळेत जाणाऱ्या नातवाला पुढे करतो आणि विचारतो, “एष्टु बंतु?” किती आले? नातू हमाली वजा, तोलाई वजा असे वाचत जातो आणि शेवटच्या आकड्यापाशी थांबतो, कारण त्या आकड्यात बहिणीचे लग्न बसणार नाही हे त्याला कळते. हा प्रसंग पुण्या-मुंबईच्या लेखकाला सहजी सुचणार नाही. दुधनीतल्या आठवीच्या मुलाला तो सुचायला दोन दिवससुद्धा लागू नयेत.

यावर पहिली हरकत भाषेची येईल. दुधनीच्या अक्कलकोट तालुक्यात मराठीबरोबर कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत. घरात कन्नड बोलणाऱ्या मुलांना घाईघाईत मराठी नाटक लिहायला लावले, तर भाषा अशुद्ध होणार, असे म्हटले जाईल. पण मराठी रंगभूमीचा जन्मच कानडी खेळ पाहून झाला. कर्नाटकातली भागवत मंडळी 1842 मध्ये सांगलीला आली, त्यांचे खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भाव्यांना तसे मराठीत करायला सांगितले आणि 5 नोव्हेंबर 1843 रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आले. त्या नाटकात पदे रचलेली होती, पण पात्रांचे बोलणे बरेचसे आयत्या वेळचे होते. तमाशातली बतावणीही हजरजबाबीपणावरच चालते. ज्या परंपरेचा दिवस आपण दर वर्षी साजरा करतो, ती दोन भाषांच्या शेजारातून आणि ऐनवेळच्या शब्दांतून उभी राहिली आहे. तेव्हा दुधनीच्या मुलांनी आजोबाला कन्नडात बोलू द्यावे आणि नातवाला मराठीत. प्रेक्षकांना दोन्ही कळतात.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. घाईत केलेले नाटक कच्चे राहते, आणि कच्च्याचीच सवय लागली तर तालमीची शिस्त जाईल. नाटक कच्चे राहील हे मला मान्य आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची महाविद्यालयांसाठीची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे आणि आठवडेच्या आठवडे घासून केलेल्या तालमींतून तिने नटांच्या पिढ्या घडवल्या. ती जागा दोन दिवसांचे नाटक घेऊ शकत नाही. पण त्याच स्पर्धेत 2022 मध्ये परीक्षकांना करंडक देण्याजोगी एकही एकांकिका सापडली नाही. वेळ भरपूर मिळाला म्हणून नाटकात प्राण येतोच असे नाही, एवढे तरी त्यावरून दिसते. सांगण्यासारखे आपल्याजवळ काय आहे, ते शोधायची सवय आधी लागावी लागते. घासणे त्यानंतरचे. न्यूयॉर्कमध्ये 1995 पासून चोवीस तासांत नाटके लिहून सादर करण्याचा उपक्रम चालतो, आणि त्यात मुरलेले व्यावसायिक लेखक-नटही उतरतात. त्यांनाही ही कसोटी हवीशी वाटते, याची दखल आपण घ्यायला हवी.

ताणाचे काय, असे पालक विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. म्हणून बंधने मुलांइतकीच मोठ्यांवरही हवीत. काम शाळेच्या वेळेतच व्हावे, रात्रीच्या तालमी नकोत, नाही तर मुलींना पहिल्याच दिवशी घरी बसवले जाईल. गुण नकोत, ढाल नको. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात प्रहसनाला दहा मिनिटे आणि सहा कलाकार अशी मर्यादा असते, तीच इथे घ्यावी. सहाच्या गटात एकटा धीट मुलगा सगळे बळकावू शकत नाही आणि गप्प बसणारीलाही काही तरी करावेच लागते. शिक्षकांनी घड्याळ सांभाळावे, मागितला तर शब्द सुचवावा आणि लेखणीला हात लावू नये. सवड कुठून काढायची? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहे. त्यांतले दोन पुरतात, आणि खर्च जवळजवळ शून्य.

दुधनीतल्या आणि आसपासच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. यंदाच्या संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत एक तास कोरा सोडा. त्यात काय होणार, हे दोन दिवस आधीपर्यंत तुम्हालाही ठाऊक नसू द्या. आणि पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या शेजारी बाजारातले हमाल, तोलार आणि या मुलांचे आजी-आजोबा बसवा.