वामनाने मोजून तरी घेतले!

पाडव्याला आपण बळीराजाची आठवण काढतो. तीन पावले भूमी मागून वामनाने त्याला पाताळात घातले, ही कथा घरोघरी सांगितली जाते. मी पडलो शाळामास्तर. मला त्या कथेतली एकच गोष्ट मानवते. वामनाने जे घेतले ते मोजून घेतले! आमच्या हिंगोलीकडे मी ज्या दगडाच्या खदानी पाहतो, तिथे एवढीही रीत उरलेली नाही.

आमच्या गावामागच्या टेकडीला एके काळी पाठ होती; आता नुसते फाडलेले पोट आहे. मुदत सरली, ठेकेदार खडीयंत्र उचलून चालता झाला आणि खड्डा गावाला ठेवून गेला. कुंपण नाही, पायऱ्या नाहीत, काठावर एक झाड नाही. मागल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातला एक मुलगा शेळीमागे धावताना त्यात घसरला. एका गुराख्याने अंगावरचे धोतर सोडून पाण्यात फेकले, म्हणून मुलगा हाती लागला. शेळी गेली.

पुढच्या आठवड्यात घनफळाचा धडा होता. मी वर्ग खदानीवर नेला. मुलांना लांब उभे केले, दोरीला दगड बांधून खोली स्वतः घेतली. लांबी २०० फूट, रुंदी १५०, खोली कमीत कमी धरून ३०. म्हणजे नऊ लाख घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा दगड झाला ९,००० ब्रास! सातवीच्या पोरांनी अर्ध्या तासात हा हिशेब केला. एकाने विचारले, "गुर्जी, सरकारच्या कागदावर किती लिव्हलंय?" मास्तर निरुत्तर झाला. तो कागद गावाने कधी पाहिलेलाच नाही.

कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात बजावले की, पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरणाची परवानगी घ्यावी लागेल. २०१३ साली महाराष्ट्राने गौण खनिजांचे नवे नियम केले. ८ जानेवारी २०२० रोजी त्याच न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितले की, खाणकाम संपल्यावर त्या जागी पुन्हा गवत उगवेल अशी जमीन करून देण्याची अट पट्ट्यात घाला. गवत, वाचकहो! न्यायालयाने आमराई मागितली नाही. गुराच्या तोंडी लागेल एवढा घास मागितला. तोही आमच्या टेकडीवर अजून उगवायचा आहे.

"मास्तर, तुमची शाळा काय हवेवर उभी आहे?" असे मला विचारतात. नाही बुवा! शाळेचा पाया याच दगडाचा, रस्त्याची खडीही याच टेकडीची. दगड काढू नका, असे मी म्हणतच नाही. पण विहीर बांधणारा कठडा घालतो. मग टेकडी खाणाऱ्याला तो का माफ? "खाण लहानशी तर आहे," हे दुसरे उत्तर. अहो, मोठ्या खाणीवर दहा डोळे असतात. लहानीवर एकही नसतो. आणि लहान लहान मिळूनच तालुक्याच्या टेकड्या संपतात.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा मंजूर झाली आहे. २०२३ साली केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मान्य केले. तिच्या चार चार किलोमीटरांच्या भुजा प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाएवढी हालचाल ओळखतील. मला तिचा अभिमान आहे. पण विश्वाचा थरकाप मोजू पाहणाऱ्या जिल्ह्याला गावाबाहेरचा खड्डा मोजता येऊ नये, याला काय म्हणावे?

मागणे थोडके आहे. खाण सुरू होण्यापूर्वी, चालू असताना आणि संपल्यावर मोजणी व्हावी आणि तिचे आकडे ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावेत. वरची माती ठेकेदाराने बाजूला राखावी आणि शेवटी परत पसरावी. काठ उतरते करावेत, कुंपण घालावे. पाणी साचणारच असेल तर गुरे सुखाने उतरतील असा घाट करावा. आणि गवत उगवलेले गावाने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ठेकेदाराची अनामत सुटू नये.

दिवाळीला गावी आला असाल, तर फराळानंतर मुलांना घेऊन खदानीकडे एक फेरी मारा. मुलांना काठापासून दूर ठेवा, दोरी आपल्या हाती धरा, आणि आलेला आकडा घेऊन पुढच्या ग्रामसभेला जा.