सपाट डोंगर

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीतले कागद कोणत्याही शाळेत पाहा. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध सूर्य, वळसे घेत येणारी नदी, काठावर नारळ. मुलगा असतो कोल्हापूरच्या गंगावेशीतला. गच्चीवरून त्याला पन्हाळा दिसतो आणि पन्हाळ्याचा माथा सपाट आहे. बसाल्टच्या थरांनी घडलेले आपले डोंगर असेच. पण गुण त्रिकोणाला मिळतात, मग पोरगा तरी सपाट कशाला काढेल? स्मरणचित्राच्या नावाखाली आपण पाठांतरच घेतो. पाठमोरी टोपलीवाली बाई, छत्रीवाला माणूस, सायकल : आकृत्या घोटलेल्या असतात, विषय बाजाराचा येवो नाहीतर जत्रेचा.

हे कलापूर म्हणवणाऱ्या कोल्हापुरात घडतं, म्हणून जास्त खटकतं. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून कोल्हापुरात परतले. शाहू महाराजांचा आश्रय होता. पण 1931 साली मृत्यू येईपर्यंत ते रमले ते कोटीतीर्थाच्या काठी. तेच तळं, तोच रंकाळा, तोच संध्यामठ. उजेड बदलला की चित्र नवं. निसर्गचित्र काढायला त्यांना काश्मीर गाठावं लागलं नाही.

तसंच मुलांना आपल्याच पेठेत न्या. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळता पेला हातात मिळतो. तिथं आधी कागद काढूच देऊ नये. उभं राहायचं, बघायचं. म्हशीची पाठ तुझ्या खांद्याला लागते की छातीला? पेलेवाल्याच्या मागे कोणती भिंत आहे? शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत 2019च्या महापुराचं पाणी कुठवर चढलं होतं, ते तिथल्या आजीला विचारा आणि ती रेघ चित्रात येऊ द्या. मग वर्गात परतून, न बघता काढायला सांगा. रेघ वाकडी येईल. येऊ दे की! गुण द्यायचे ते जागा ओळखू येते का, यावर. खाडाखोड, रंग बाहेर गेला, ही तपासणी नंतर.

8 ऑगस्ट 2024च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. 1915 सालची वास्तू, अख्खं शहर हळहळलं. तिचा दर्शनी भाग आठवणीतून कागदावर उतरवू शकतील अशी मुलं आपल्या शाळांत किती निघाली असती?

मुख्याध्यापकांना विनंती एवढीच : महिन्यातून एक चित्रकलेचा तास शाळेच्या फाटकाबाहेर घेऊ द्या. आणि तो गणिताच्या सरांना देऊन टाकू नका.