सत्तर युनिटांची मर्यादा
कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजातून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवायला किमान ६० सेमिस्टर युनिटे (श्रेयांक) लागतात; पदवीसाठी मात्र कम्युनिटी कॉलेजातली जास्तीत जास्त ७० युनिटेच धरली जातात. याच विद्यापीठाच्या बर्कली शाखेला निघालेल्या विद्यार्थ्याने ८२ युनिटे केली, तरी जमा ७०च होतात. वरच्या बारा युनिटांतले विषय मात्र वाया जात नाहीत, आणि ही तरतूद खरोखर न्याय्य आहे. त्यांत कॅलक्युलसचा पुढचा भाग असेल, तर तो पुन्हा शिकावा लागत नाही. फक्त पदवीच्या १२० युनिटांच्या बेरजेत त्याची भर पडत नाही. केवळ कम्युनिटी कॉलेजात शिकलेल्याचा प्रवेशही जादा युनिटांमुळे अडत नाही. चार वर्षांच्या विद्यापीठातली युनिटे सोबत असतील तर अडू शकतो. अशी मर्यादा इतरत्रही असते: स्टॅनफर्ड विद्यापीठाची पदवी १८० क्वार्टर युनिटांची आहे. त्यांतली बाहेरची ९०च चालतात. या मर्यादांची झळ सर्वाधिक बसते ती नोकरी सांभाळत, मुख्य विषय बदलत शिकणाऱ्यांना. जादा सत्रांची फी आणि वर्षे त्यांनी आधीच मोजलेली असतात. म्हणून हा हिशेब समुपदेशकाने पहिल्याच सत्रात मांडायला हवा.