बागेची जमीन बागेलाच मिळावी



गोपीपुऱ्यातील गोपी तलाव आपल्या जुन्या मंडळींनी दोन्ही रूपांत पाहिला आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी मलिक गोपी या धनाढ्य व्यापाऱ्याने तो बांधला. पुढे तलाव आटला, कोरड्या पात्रात वस्ती झाली आणि ‘तलाव’ हा शब्द फक्त पत्त्यात उरला. महापालिकेने काम हाती घेऊन २०१५ मध्ये तेथे पुन्हा पाणी आणि उद्यान लोकांसाठी खुले केले. गेलेली जागा परत येत नाही असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

पण गोपी तलाव जुन्या शहरात. आपला मराठी समाज आज मोठ्या संख्येने लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत राहतो. तेथील मुलांनी खेळायचे कोठे? आजी-आजोबांनी संध्याकाळी बसायचे कोठे?

गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यात टी.पी. स्कीममधील साधारण पाच टक्के जमीन बागा, मैदाने व मोकळ्या जागांसाठी ठेवण्याची तरतूद आहे. ही जमीन मूळ मालकांच्या जमिनीत कपात करूनच मिळते. म्हणून बाग मागणे ही याचना नव्हे, तो हिशेब मागणे आहे. बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयालासुद्धा देता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळूरच्या प्रकरणात दिला. रुग्णालयाला जी जागा मिळाली नाही, ती टेम्पोच्या अड्ड्याला आणि भंगाराच्या गोदामाला का मिळावी?

आता अवघड गोष्ट. अशा प्लॉटवर कधी कधी माणसे राहतात, आणि ती पुष्कळदा आपलीच असतात. गायकवाडीच्या काळापासून आलेल्यांची घरे पक्की झाली. नंदुरबार, धुळे, जळगावकडून ताप्ती लाइनने मागाहून आलेल्यांना जेथे जागा मिळाली तेथे त्यांनी पत्रे ठोकले. याच उधना-जळगाव मार्गाच्या कामासाठी सुरतेतील रेल्वेच्या जमिनीवरील झोपड्या हटवण्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने जमीन मोकळी करण्यास मान्यता दिली, पण विस्थापित कुटुंबांना सहा महिने दरमहा २,००० रुपये देण्यास सांगितले. २,००० रुपयांत सुरतेत कोणती खोली मिळते, हे भाड्याने राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून ‘झोपड्या उठवा’ एवढीच मागणी आपल्या तोंडी शोभत नाही. आधी पक्के घर, मग बुलडोझर, हाच क्रम असला पाहिजे.

आणि सुरुवात मोठ्यांपासून व्हावी. १९९४ च्या प्लेगनंतर एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांच्या काळात वजनदार माणसांच्या बांधकामांवरही हातोडा पडला, म्हणूनच शहराने त्यांना साथ दिली. दबाण खात्याची गाडी फक्त भाजीच्या लारीपाशी थांबली, तर तिला साथ कोण देणार?

या मोठ्यांत आपणही आलो. आपल्या सोसायटीची भिंत किती फूट पुढे सरकली आहे? आपल्या मंडळाचा दहा दिवसांचा मांडव बाराही महिने पत्र्याचा का झाला आहे? बाप्पा आपल्या घरी परत जातात, पत्रे मात्र तिथेच राहतात. स्वतःचा ओटा मागे घेतल्याशिवाय दुसऱ्याची झोपडी दाखवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तेव्हा सभासदांना विनंती आहे. आपल्या भागाचा टी.पी. नकाशा झोन ऑफिसात पाहावा. मिळाला नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागावा. बागेच्या प्लॉटचा क्रमांक आणि तेथे आज काय आहे, ते लिहून काढावे. नगरसेवक कोणत्याही पक्षाचा असो, त्याला लेखी विचारावे: ही बाग केव्हा होणार आणि तेथील कुटुंबांना घर कोठे मिळणार? दोन्ही प्रश्न एकाच कागदावर असावेत. मत मागायला येईल तेव्हा तोच कागद त्याच्यापुढे ठेवावा.

आपल्या पूर्वजांनी या शहरात घर केले. आपल्या नातवंडांना याच शहरात अंगण मिळावे, एवढेच मागणे आहे.