तालमीतली शिक्षा

कुंडल, पलूस, किर्लोस्करवाडी या पट्ट्यातील कित्येक घरांत आजोबा आणि नातू यांच्यात उरलेला जिव्हाळ्याचा विषय एकच, तो म्हणजे कुस्ती. कुंडलच्या मैदानाची तारीख कळली की गुडघ्याचे दुखणे विसरून निघणारी ज्येष्ठ मंडळी आजही आहेत. त्यामुळे एखाद्या पहिलवानाच्या हातून मैदानात गैरवर्तन घडले की त्याचा न्यायनिवाडा घरोघरी होतो, आणि ज्येष्ठांचा निकाल बहुधा ठरलेला असतो: ‘आमच्या वेळचा वस्ताद असता तर हजार बैठका मारायला लावल्या असत्या!’ या निकालाचा आरोग्याशी थेट संबंध आहे, म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत जे घडले ते बहुतेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले असेल. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे याला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. राक्षे याला तो मान्य नव्हता. वाद वाढला आणि त्याने पंचांना लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन मैदान सोडून गेला. कुस्तीगीर संघाने दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर केली. निर्णय बरोबर होता की चूक, यावर नंतर पुष्कळ वाद झडला. आपल्यापुरता प्रश्न निराळा आहे. निर्णय चुकीचा असला, तरी लाथ मारणाऱ्या मुलाचे त्याच्या वस्तादाने काय करावे?

अशा प्रकाराला संघटना काय करतात, हे ठरत आले आहे. २०२२ मध्ये नवी दिल्ली येथील निवड चाचणीत सतेंदर मलिक या मल्लाने पंचांवर हात उचलला, तेव्हा भारतीय कुस्ती महासंघाने त्याच्यावर आजन्म बंदी घातली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये क्यूबाच्या आंखेल मातोस याने तायक्वांदोच्या पंचांना लाथ मारली, त्यालाही आजन्म बंदी झाली. विशेष असे की त्याच्याबरोबर त्याच्या प्रशिक्षकावरही तीच बंदी आली. मला ही गोष्ट मोठी वाटते. गादीवरच्या कुस्तीत निर्णयाला आव्हान देण्याची रीत नियमांतच आहे. कोपऱ्यात बसलेल्या प्रशिक्षकाने आव्हान द्यायचे, मग चित्रफीत पाहिली जाते, आणि आव्हान फेटाळले गेले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. म्हणजे दाद मागण्याचे काम कोपऱ्यातल्या वडीलधाऱ्याचे, मल्लाचे नव्हे. तो वडीलधारा स्वतःच पंचांच्या अंगावर धावून जात असेल, तर विशीतल्या मुलाकडून संयमाची अपेक्षा कशी ठेवावी? आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. तोवर तो लगाम दुसऱ्या कोणाच्या तरी हाती असावा लागतो.

आता हजार बैठकांकडे येऊ. तालमीत जोर-बैठका हे रोजचे अन्न आहे, त्याची भीती नाही. भीती आहे ती रागाच्या भरात, सवयीच्या कितीतरी पट, उन्हात आणि पाण्याविना करून घेतलेल्या बैठकांची. अशा अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतील द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडात अडकून ते निकामी करू शकते. लक्षणे त्याच दिवशी दिसतीलच असे नाही. एक-दोन दिवसांनी मांड्या दगडासारख्या घट्ट होतात, सुजतात, पायऱ्या चढवत नाहीत आणि लघवी काळ्या चहासारखी होते. घरात असे दिसले तर तेल चोळत बसू नये, दुखण्याची गोळी देऊ नये. मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे. वेळेवर शिरेतून सलाईन मिळाले तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. वजन उतरवण्यासाठी पाणी तोडलेल्या मल्लाला हा धोका अधिक असतो.

ओघात आले म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांसाठी सांगतो. हाच विकार तालमीचे तोंड न पाहिलेल्या वृद्धांनाही होतो. न्हाणीघरात पडून कित्येक तास फरशीवर तसेच राहिलेल्या माणसाच्या दबलेल्या स्नायूंचे हेच होते. हाड मोडले नाही म्हणून निश्चिंत न राहता अशा रुग्णाचे रक्त आणि लघवी तपासून घ्यावी.

तेव्हा शरीराला शिक्षा नको. थप्पड तर नकोच. कुंडल हे गाव कठोर शासनाला अपरिचित नाही. प्रतिसरकारच्या काळात गावगुंडांच्या तळपायांवर काठ्या बसत, ही आठवण सांगणारी घरे येथे आहेत. पण ती शिक्षा गुंडगिरी मोडण्यासाठी होती. तालमीतला मुलगा आपला आहे आणि उद्या त्याच हौद्यात त्याला पुन्हा उतरायचे आहे.

मग काय करावे? माझ्या मते पहिल्या रात्री काहीच करू नये. वस्तादाने त्याला मैदानातून बाहेर न्यावे, पाणी द्यावे, आणि बोलणे दुसऱ्या दिवशीवर ठेवावे. दुसऱ्या दिवशी मात्र सूट नाही. मुलाने पंचांसमोर स्वतः उभे राहून क्षमा मागावी. बापाने किंवा आजोबाने त्याच्या वतीने फोन करू नये. पुढच्या एका-दोन मैदानांतील जोड रद्द करावी, मग तो तालमीचा अव्वल मल्ल असो वा पाच रुपयांच्या रेवड्यांवर लढणारा पोर. अव्वल मल्लाला सोडून दिले की सारी तालीम ते पाहते. पण तालमीचे दार बंद करू नये. लढतीवर बंदी आणि सरावावर बंदी या दोन गोष्टी निराळ्या आहेत. मल्लाची उमेद आठ-दहा वर्षांची. त्यातली तीन गेली आणि तालीमही सुटली, तर खुराकाची सवय असलेले ते शरीर आणि रिकामा दिवस त्याला कुठे नेतील, हे आपण आपल्याच गावांत पाहतो. सराव चालू ठेवावा, आणि लहान मुलांच्या कुस्त्यांत पंच म्हणून उभे राहण्याचे काम त्याला द्यावे. दोन्ही बाजूंचे पालक एकदम ओरडू लागले म्हणजे पंचाचे दुःख त्याला आपोआप कळेल.

हॉकीत ही शिक्षा खेळातच विणलेली आहे. हिरवे कार्ड दाखवले की दोन मिनिटे बाहेर, पिवळे दाखवले की किमान पाच मिनिटे, लाल म्हणजे त्या सामन्यापुरते संपले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदास याला लाल कार्ड मिळाले. उरलेल्या दहा जणांनी ब्रिटनला बरोबरीत रोखून शूटआउटमध्ये सामना जिंकला; पण पुढच्या जर्मनीविरुद्धच्या लढतीत त्याला बसावे लागले आणि ती भारताने २-३ अशी गमावली. तेथे एकाची चूक सोबत्यांच्या पायांनी फेडली जाते, हे मुलाला डोळ्यांनी दिसते. कुस्तीत तो एकटाच असतो. त्याच्या चुकीचे ओझे वाहतो तो वस्ताद, आणि ते कोणाला दिसत नाही.

येथून फार दूर नाही असे कऱ्हाडजवळचे गोळेश्वर. तेथील खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. दोन लढतींमध्ये हक्काची अर्ध्या तासाची विश्रांती त्यांना मिळाली नाही आणि त्यांची बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. ते तसेच उतरले, लढले आणि हरले. ही कथा नातवाला सांगताना आपण खाशाबांच्या संयमावर थांबतो. त्या रिकाम्या कोपऱ्याबद्दलही त्याला सांगावे, आणि पुढच्या मैदानाला त्याच्या कोपऱ्यात कोण बसणार आहे, हे त्याला विचारून घ्यावे.